टायरवरचे आकडे आणि अक्षरं: पहिल्यांदा टायर घेणाऱ्यांसाठी

गाडी रस्त्याला टेकते ती फक्त चार ठिकाणी, आणि त्यातलं प्रत्येक ठिकाण जेमतेम तळहाताएवढं असतं. ब्रेक कितीही चांगले असोत, एबीएस असो, एअरबॅग असोत, गाडी वेळेवर थांबणार की नाही हे त्या चार तळहातांवर ठरतं. तरी टायर घ्यायला गेलेला माणूस बहुतेक वेळा दोनच प्रश्न विचारतो: कंपनी कोणती, आणि किती किलोमीटर चालेल? मीही बरीच वर्षं तेवढंच विचारायचो. टायरच्या कडेवर एवढं काय काय छापलेलं असतं, ते मेकॅनिकच्या कामाचं असेल असं वाटायचं. ते आपल्याच कामाचं असतं, आणि एकदा वाचायला शिकलं की पाच मिनिटांत वाचून होतं.

सुरू करण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. टायरवर शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखे एकूण गुण नसतात. तिथला प्रत्येक आकडा आणि प्रत्येक अक्षर एकेका नेमक्या परीक्षेचं उत्तर असतं. 'ए' दिसला म्हणून टायर चांगला असं ठरत नाही. तो 'ए' कुठल्या परीक्षेतला आहे हे कळलं पाहिजे. एकाच टायरवर तीन वेगळ्या अर्थांचे तीन 'ए' असू शकतात.

पहिली पायरी: टायरकडे नंतर, आधी दार उघडा

ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा आणि चौकटीवर पाहा. तिथे नाही सापडलं तर पेट्रोलच्या झाकणाच्या आत किंवा गाडीच्या पुस्तिकेत पाहा. एक लहान स्टिकर असतो. त्यावर गाडी बनवणाऱ्यांनी ठरवलेला टायरचा साइज आणि हवेचा दाब लिहिलेला असतो. बरेचदा कमी माणसांसाठी एक दाब आणि गाडी पूर्ण भरलेली असताना दुसरा, असे दोन आकडे असतात. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढची सगळी तुलना या स्टिकरशी करायची आहे.

टायरच्या कडेवरही दाबाचा एक आकडा असतो. तो कमाल मर्यादेचा असतो. तेवढी हवा भरायची असते असा गैरसमज मी हवा भरणाऱ्यांच्या तोंडूनही ऐकला आहे. हवा स्टिकरवरच्या आकड्याप्रमाणे, आणि टायर थंड असताना भरायची.

दुसरी पायरी: साइज आणि त्याच्या शेपटीतली मर्यादा

समजा टायरवर '२०५/५५ आर१६ ९१व्ही' असं लिहिलं आहे. २०५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे कडेची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. इथे साधारण ११३ मिमी. 'आर' म्हणजे रेडियल बांधणी, १६ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. एवढं बहुतेकांना माहीत असतं, आणि एवढ्यावरच लोक थांबतात. सुरक्षिततेचं जे आहे ते शेवटच्या '९१व्ही'मध्ये आहे.

९१ हा भाराचा निर्देशांक आहे. तो थेट किलो सांगत नाही, तक्त्यातून बघावा लागतो. ८२ म्हणजे एका टायरवर ४७५ किलो, ८८ म्हणजे ५६०, ९१ म्हणजे ६१५, ९४ म्हणजे ६७०, १०० म्हणजे ८००. शेवटचं अक्षर वेगाची मर्यादा सांगतं: 'टी' १९० किमी प्रतितास, 'एच' २१०, 'व्ही' २४०, 'डब्ल्यू' २७०. 'एच' हे अक्षर वर्णमालेतली आपली जागा सोडून 'यू' आणि 'व्ही'च्या मधे बसलेलं आहे, त्यामुळे नवखा माणूस इथे हमखास गोंधळतो.

"मी कुठे २४०ने चालवणार आहे?" असं म्हणून कमी अक्षराचा टायर घेण्याचा मोह होतो. करू नका. ते अक्षर तुमच्या वेगाबद्दल कमी आणि उष्णतेबद्दल जास्त बोलतं. या साइजचा टायर एका फेऱ्यात साधारण २ मीटर जातो. ताशी १०० किमी वेगाने जाताना तो सेकंदाला चौदा वेळा फिरतो. म्हणजे रबराचा प्रत्येक भाग सेकंदात चौदा वेळा रस्त्यावर दबतो आणि पुन्हा मोकळा होतो. प्रत्येक दबण्यात थोडी उष्णता तयार होते. भार जास्त असेल, हवा कमी असेल, रस्ता तापलेला असेल, तर ती उष्णता बाहेर पडण्याच्या आधी साठत जाते. हायवेवर टायर फुटल्याच्या गोष्टी आपण ऐकतो, त्यात ही साठलेली उष्णता फार वेळा असते. म्हणून स्टिकर किंवा पुस्तिकेत जो भार आणि जे अक्षर दिलं आहे त्याच्या खाली जायचं नाही. वर गेलं तर चालतं.

साइजच्या पुढे 'एक्सएल' लिहिलेलं असेल तर तो जास्त भार पेलणारा टायर असतो. पण तो जास्त भार जास्त हवेवरच पेलतो, हे विसरू नये.

तिसरी पायरी: जन्मतारीख

टायरच्या कडेवर 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. '२३२४' असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. ही चार आकड्यांची पद्धत २००० सालापासून आहे. त्याआधी तीनच आकडे असायचे, त्यामुळे तीन आकडे दिसले तर तो टायर वापरायचा विचारही करू नका.

मी एकदा चार टायर बसवून घेतले आणि घरी येऊन तारीख पाहायला गेलो. बाहेरच्या बाजूला 'डीओटी'ची ओळ होती, पण शेवटचे आकडे नव्हते. पूर्ण ओळ टायरच्या एकाच बाजूला असली तरी चालते, आणि माझ्या टायरची ती बाजू आत गेली होती. संध्याकाळी गाडीखाली आडवा होऊन, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात ओलं फडकं घेऊन मी चिखल पुसत पुसत ते आकडे शोधले. तीन टायर त्याच वर्षीचे होते. चौथा साडेचार वर्षांचा होता. दुकानदाराने तो बदलून दिला खरा, पण तो आधीच मला दिसला असता तर दोन चकरा वाचल्या असत्या. तेव्हापासून टायर रिमवर चढण्याआधी, जमिनीवर असतानाच चारही टायरच्या दोन्ही बाजू मी स्वतः वाचतो. तुम्हीही हेच करा. बसवल्यावर वाचणं फार अवघड जातं.

किती जुना चालेल? रबर हवेतल्या ऑक्सिजनने आणि उष्णतेने हळूहळू कडक होतं, वापरलं नाही तरी. अनेक गाडी कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदला म्हणतात, आणि काही टायर कंपन्या कितीही चांगला दिसला तरी दहा वर्षं ही शेवटची मर्यादा मानतात. नवा म्हणून घेताना वर्षभरापर्यंतचा टायर मी बिनधास्त घेतो, दोन वर्षांपर्यंतचा नीट बघून घेतो, त्यापुढचा परत करतो. हा माझा नियम आहे, कुणाचा कायदा नव्हे.

चौथी पायरी: मान्यतेच्या खुणा

इथे फार वेळ घालवायची गरज नाही. 'डीओटी' ही अमेरिकी मानकांची खूण, आणि ती कंपनी स्वतःच्या जबाबदारीवर छापते. वर्तुळातल्या 'ई' शेजारी एखादा आकडा असेल तर तो टायर संयुक्त राष्ट्रांच्या नियमांनुसार तपासून एखाद्या देशाच्या यंत्रणेने मंजूर केलेला असतो. आकडा त्या देशाचा: १ जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली, ४ नेदरलँड्स. टायर कुठे बनला याच्याशी त्याचा संबंध नाही, आणि ४ हा १पेक्षा वाईट असंही काही नाही. या खुणा 'किमान परीक्षा पास' एवढंच सांगतात. खूणच नसेल तर टायर घेऊ नका. खूण असेल तर पुढे वाचा.

पाचवी पायरी: ट्रेडवेअर, ट्रॅक्शन, टेंपरेचर

हे तीन शब्द एका ओळीत कडेवर कोरलेले सापडतील. ही अमेरिकेची पद्धत, पण जगभर विकल्या जाणाऱ्या अनेक टायरवर ती छापलेली असते.

विक्रेता सगळ्यात आधी बोट ठेवतो ते ट्रेडवेअरवर. टेक्सासमध्ये ठरवून दिलेल्या ६४० किमीच्या रस्त्यावर गाड्यांचा ताफा पुन्हा पुन्हा चालवतात, एकूण साधारण ११,५०० किमी. त्यात टायर किती झिजला याची तुलना एका प्रमाण टायरशी करतात. प्रमाण टायर म्हणजे १००. ४०० लिहिलं असेल तर त्या रस्त्यावर तो प्रमाण टायरच्या चौपट टिकेल असा अंदाज. अंदाजच, कारण पूर्ण झिजेपर्यंत टायर चालवलेला नसतो, आणि शेवटचा आकडा कंपनी स्वतः ठरवते. मोजणीत आलेल्यापेक्षा कमी आकडा छापायचीही कंपनीला मोकळीक असते. हौशी शर्यतींच्या काही गटांत किमान २०० ट्रेडवेअरची अट असते, आणि मग अगदी मऊ, चिकट टायरवरही नेमका २००च दिसू लागतो, त्यावरून काय ते समजा. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना करायला हा आकडा उपयोगी आहे. दोन वेगळ्या कंपन्यांचे ४०० आणि ४६० समोर ठेवून हुज्जत घालण्यात अर्थ नाही. आणि त्याचे किलोमीटर तर काढूच नका. तुमचा रस्ता, हवेचा दाब, अलाइनमेंट (चाकांचे कोन) आणि पायाची सवय यांनी तो आकडा कुठच्या कुठे जातो.

ट्रॅक्शनचे वर्ग 'एए', 'ए', 'बी', 'सी'. ओल्या डांबरावर आणि ओल्या काँक्रीटवर ताशी ६५ किमी वेगाने, चाक पूर्ण लॉक करून, सरळ रेषेत किती पकड मिळते ते यात मोजतात. वळणावरची पकड यात नाही, साचलेल्या पाण्यावरून सरकणं नाही, कोरडा रस्ता नाही. आज बहुतेक गाड्यांना एबीएस असतं आणि ते चाक लॉक होऊच देत नाही, त्यामुळे ही परीक्षा आपल्या रोजच्या ब्रेकपासून थोडी लांबची आहे. तरीही 'बी' किंवा 'सी' दिसला की मी तो टायर खाली ठेवतो.

टेंपरेचरचे वर्ग 'ए', 'बी', 'सी'. टायर तापणं किती सोसतो, हे त्यातून कळतं. 'सी' म्हणजे कायद्याने लागणारी किमान पातळी. लांबचे प्रवास, भरलेली गाडी आणि तापलेले रस्ते असतील तर 'ए' घ्या, पुढे विचार करायला नको.

सहावी पायरी: युरोपचं लेबल, आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं अक्षर

युरोपात २०१२च्या नोव्हेंबरपासून टायरवर रंगीत लेबल येतं. १ मे २०२१पासून ते नव्या रूपात आहे. टायर तुमच्याकडे लेबलशिवाय आला तरी त्याच मॉडेलचं, त्याच साइजचं लेबल कंपनीच्या संकेतस्थळावर बरेचदा सापडतं. साइज मात्र तोच हवा. एकाच मॉडेलचे वर्ग साइजनुसार बदलतात.

लेबलवर तीन मुख्य गोष्टी. पहिली, इंधनाची: टायर फिरताना किती विरोध करतो. वर्ग 'ए' ते 'ई'. १,४०० किलोची गाडी घ्या. 'ए' वर्गाचे टायर तिला फार तर ९ किलो वजनाएवढ्या जोराने मागे ओढतात, 'ई' वर्गाचे जवळपास १५ किलोएवढ्या जोराने, तेही सतत, चाक फिरतंय तोवर. दुसरी, आवाजाची: इंजिन बंद ठेवून गाडी ताशी ८० किमीच्या आसपास जाऊ देतात आणि बाहेरचा आवाज मोजतात. तो रस्त्याकडेला उभ्या असलेल्यांसाठी आहे. गाडीत बसून तुम्हाला काय ऐकू येईल हे त्यातून कळत नाही.

तिसरी गोष्ट ओल्या रस्त्यावरची पकड, वर्ग 'ए' ते 'ई'. तुम्हाला वेळ नसेल आणि एकच अक्षर बघायचं असेल तर हे बघा. दोन शेजारच्या वर्गांत, ताशी ८० किमीवरून थांबताना, साधारण ३ ते ६ मीटरचा फरक पडतो. ऐकायला हे फार वाटत नाही. हिशेब करून पाहू. समजा ओल्या रस्त्यावर तुमच्यासमोर अचानक काहीतरी आलं. एका टायरने गाडी ३५ मीटरमध्ये थांबते, दुसऱ्याने ४१ मीटर लागतात. पहिली गाडी ज्या जागी पूर्ण थांबली, त्याच जागेवरून दुसरी गाडी अजून ताशी ३० किमी वेगाने पुढे चालली आहे. ब्रेक तेवढेच करकचून दाबलेले, ड्रायव्हर तेवढाच सावध. ३० किमीच्या वेगाने पायी चालणाऱ्या माणसाला धडकणं काय असतं ते वेगळं सांगायला नको. हे चित्र मी एकदा कागदावर मांडलं, आणि तेव्हापासून ओल्या पकडीत 'बी'च्या खालचा टायर मी घेतलेला नाही, घरच्या कुणाला घेऊ दिलेला नाही.

पण ही परीक्षाही सगळं सांगत नाही. चाचणीच्या रस्त्यावर पाण्याचा थर साधारण १ मिमीचा असतो. धो धो पावसात चाकाखाली साचलेलं पाणी वेगळीच अडचण करतं: टायर रस्ता सोडून पाण्यावर चढतो आणि स्टिअरिंग एकदम हलकं पडतं. तिथे रबराइतकीच नक्षीची, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावरच्या खाचांची, खोली कामाला येते. आणि लेबलवरचे सगळे वर्ग नव्या टायरचे असतात.

सगळंच 'ए' का मिळत नाही

नवखा माणूस सगळ्या रकान्यांत 'ए' शोधतो आणि वैतागतो. कारण रबरात आहे. पकड मिळते ती रबर रस्त्याच्या बारीक खाचांत दबून ऊर्जा जिरवतं म्हणून. इंधन वाचतं ते रबर फिरताना कमी ऊर्जा जिरवतं म्हणून. मऊ रबर पकडतं छान आणि झिजतंही लवकर. तीन दोऱ्या तीन दिशांना ओढतात. १९९२मध्ये मिशेलिनने रबरात काजळीच्या जागी मोठ्या प्रमाणात सिलिका घालून कमी विरोधाचा टायर आणला आणि ही ओढाताण बरीच सैल झाली, पण संपली नाही. म्हणूनच ट्रेडवेअर खूप जास्त आणि इंधनात 'ए' असा टायर समोर आला की माझी नजर आधी ओल्या पकडीकडे जाते. तडजोड कुठेतरी केलेली असते, आणि ती बऱ्याचदा तिथेच असते.

बर्फाच्या भागात राहत असाल तर

'एम प्लस एस' म्हणजे चिखल आणि बर्फ. ही कंपनीने आपणहून लिहिलेली खूण आहे, तिच्यामागे चाचणी असतेच असं नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण, हे चिन्ह मात्र बर्फावर प्रत्यक्ष चाचणी दिल्यावरच मिळतं. बर्फात गाडी चालवायची असेल तर डोंगर बघा.

सातवी पायरी: दोन टायर समोर ठेवून निवडणं

समजा एकाच साइजचे, भार आणि वेगाची अट पूर्ण करणारे, ताज्या तारखेचे दोन टायर आहेत. पहिल्याचं ट्रेडवेअर ५००, इंधन 'ए', ओली पकड 'सी'. दुसऱ्याचं ट्रेडवेअर ३२०, इंधन 'सी', ओली पकड 'ए'. मी दुसरा घेईन. तो लवकर झिजेल, पेट्रोल थोडं जास्त लागेल, आणि हे दोन्ही तोटे मला आधीच माहीत असतील. पहिल्याचा तोटा ज्या दिवशी कळेल त्या दिवशी उशीर झालेला असेल.

निवड अवघड वाटली तर स्वतंत्र चाचण्या वाचा. जर्मनीच्या 'एडीएसी'सारखे वाहनचालकांचे क्लब टायर घेऊन कोरड्या रस्त्यावर, ओल्यावर आणि वळणावर तपासतात, आणि झीजही मोजतात. लेबलवर नसलेल्या बऱ्याच गोष्टी तिथे कळतात. ऑनलाइन ग्राहकांनी दिलेल्या ताऱ्यांवर मात्र मी फारसा भरवसा ठेवत नाही. बहुतेक जण ते पहिल्याच आठवड्यात देतात, आणि तेव्हा कुठलाही नवा टायर जुन्या झिजलेल्या टायरपेक्षा मऊ आणि शांतच वाटतो.

चारऐवजी दोनच टायर बदलत असाल तर नवी जोडी मागच्या चाकांना बसवा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. ओल्या वळणावर मागची बाजू सुटली तर नवख्या ड्रायव्हरला गाडी सावरत नाही. एका ॲक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत, दोन वेगळ्या मॉडेलचे टायर नकोत.

बसवून झाल्यावर

हवा स्टिकरप्रमाणे आहे का ते स्वतः बघा, आणि नंतर महिन्यातून एकदा तपासा. कमी हवेत भाराचा निर्देशांक खोटा पडतो, कारण तो ठरलेल्या दाबावरच खरा असतो. कडेला फुगा आलेला दिसला तर आतले धागे तुटलेले असतात. तो टायर दुरुस्त होत नाही, बदलायचा.

नक्षीच्या मोठ्या खाचांत आडव्या लहान पट्ट्या असतात, १.६ मिमी उंचीच्या. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी असते. पावसात गाडी चालवणाऱ्याने १.६ची वाट बघू नये, ३ मिमीला बदलावा. खोली मोजायचा लहान गेज मिळतो. तो आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या खाचेत, अशा तीन ठिकाणी लावा. फक्त मधे झिज असेल तर हवा जास्त होती, दोन्ही कडांना असेल तर कमी होती, एकाच कडेला असेल तर अलाइनमेंट करून घ्या.

आणि डिकी उघडून स्टेपनीची तारीखही वाचा. ती वर्षानुवर्षं अंधारात पडून असते, कुणी तिच्याकडे बघत नाही, आणि गाडीतला सगळ्यात म्हातारा टायर बहुतेक वेळा तीच असते. अरुंद, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिच्यावर ताशी ८० किमीची मर्यादा लिहिलेली असेल, आणि हवा नेहमीच्या टायरपेक्षा बरीच जास्त लागते, साधारण ६० पीएसआय. पंक्चर झाल्यावर रस्त्याच्या कडेला हे शोधत बसण्यापेक्षा आजच तिच्यात हवा भरून ठेवा.